जुनी नौका घेण्यापूर्वी

मंडळी, बाजारातून बैल घ्यायचा असला तर आपण काय करतो? आधी त्याचा जबडा उघडून दात पाहतो. मग खांदा चाचपतो, दहा पावले चालवून बघतो, अंगावरचा भोवरा कुठे आहे तेही पाहून घेतो. एवढे झाले की विकणाऱ्याकडे वळून विचारतो, "पावती आहे ना, पाहुणे?" बैल कितीही गुणी असला, पण चोरीचा निघाला, तर चार दिवसांनी खरा मालक येऊन दावे सोडून नेणार, हे आपल्याला पक्के ठाऊक असते.

बैल घेताना दाखवलेले हे शहाणपण जुनी होडी किंवा मासेमारीची नौका घेताना मात्र पुष्कळदा विसरले जाते. लाकूड ठोकून पाहतात, इंजिन सुरू करून त्याचा आवाज ऐकतात, भाव पाडून घेतात, आणि नारळ फोडून मोकळे होतात. ही नौका नेमकी कोणती, आणि ती विकण्याचा हक्क या माणसाला आहे काय, हे दोन प्रश्न कोणी विचारीत नाही.

समजा, खाडीकाठच्या एका गावात एक खलाशी आहे. पंधरा वर्षे दुसऱ्याच्या नौकेवर राबून त्याने चार पैसे गाठीला बांधले. बायकोने गळ्यातले सोने गहाण टाकायला दिले. शेजारच्या बंदरात एक जुनी यांत्रिकी नौका स्वस्तात मिळते असे कळले, तसा तो गेला. त्याने विचारले, "नाखवा, कागद कुठे आहेत?" नाखवा हसून म्हणाला, "अहो, कागद घेऊन काय समुद्रात जायचंय? नौका समोर उभी आहे ना! कागद मागाहून देतो की." खलाशी भिडस्त पडला. पैसे दिले, नौका घरी आणली. नारळी पौर्णिमा झाली, दोन फेऱ्या चांगल्या लागल्या, आणि मग एकामागून एक पाहुणे येऊ लागले. पहिला आला विकणाऱ्याचा भाऊ. म्हणाला, नौका वडिलांची, निम्मा वाटा माझा, मी सही केलेली नाही. दुसरे आले मच्छीमार सोसायटीचे पत्र. या नौकेवरचे कर्ज थकले आहे. विकणारा तर केव्हाच दुसऱ्या जिल्ह्यात निघून गेला होता. आता आपल्या या खलाशाने कोणाकडे दाद मागायची?

ही गोष्ट बनवलेली आहे, पण तिच्यातले एकेक संकट खरे आहे. ते टाळावयाचे कसे, तेवढेच आज पाहू.

आधी एक मूळ गोष्ट ध्यानात घ्या. जमीन ही स्थावर मिळकत. तिचा सात-बारा असतो, फेरफार असतो. होडी, नौका ही कायद्याच्या दृष्टीने जंगम वस्तू. तिच्या खरेदी-विक्रीला १९३० चा मालविक्रीचा कायदा लागू पडतो. या कायद्याचे एक मोठे तत्त्व आपल्या म्हणीत आधीच सांगून ठेवले आहे : आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? विकणाऱ्याजवळ जेवढा हक्क असेल तेवढाच घेणाऱ्याला मिळतो. या नियमाला काही थोडे अपवाद कायद्याने ठेवले आहेत. पण अपवादाच्या भरवशावर कोणी व्यवहार करू नये. चोराकडून तुम्ही पूर्ण किंमत मोजून, प्रामाणिकपणे नौका घेतली, तरी खरा मालक पुढे आल्यावर ती सहसा त्याचीच ठरते. आणि माल चोरीचा असावा असे वाटण्याजोगे कारण डोळ्यांसमोर असूनही घेतला, तर नौका जाते ती जातेच, वर फौजदारी गुन्हाही अंगाशी येतो. निम्म्या भावात देऊ केलेली आणि नंबर खरवडलेली नौका हे तसले कारण नव्हे काय?

तेव्हा नौका पारखताना तीन साक्षीदार बोलवावेत. पहिला साक्षीदार खुद्द नौका, दुसरा कागद, तिसरा माणूस. तिघांची साक्ष जुळली पाहिजे. दोघांची जुळली आणि तिसरा अडखळला, तर विसारसुद्धा देऊ नये.

पहिली साक्ष नौकेची. ही घेण्याची उत्तम वेळ म्हणजे पावसाळा. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी मासेमारी बंद असते, त्या वेळी नौका किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. पाण्यात तरंगणारी नौका निम्मीच दिसते. वर ओढलेली नौका कण्यापासून काठापर्यंत सगळी दिसते. मोजपट्टी घेऊन जा. लांबी, रुंदी आणि खोली मोजून वहीत लिहा. नौका लाकडी की फायबरची, तेही लिहा. नोंदणीच्या दाखल्यात ही मापे असतात, ती नंतर ताडून पाहावयाची आहेत. दाखल्यावर लांबी एक आणि वाळूत पडलेल्या नौकेची दुसरीच, असे निघाले तर तो दाखला त्या नौकेचा नव्हेच, असे समजून चालावे.

मग पुढच्या बाजूला दोन्ही अंगांनी रंगवलेला नंबर पाहा. दोन्हीकडे एकच आहे ना? नंबराच्या जागी तेवढाच रंग ताजा आणि बाकी नौका विटलेली, असे तर नाही? बोटाने चाचपून पाहा. जुन्या अक्षरांचे कंगोरे नव्या रंगाखाली हाताला लागतात. सकाळच्या तिरप्या उन्हात ते डोळ्यांनाही दिसतात. रंग नवा असणे हा काही गुन्हा नव्हे, आपण दरवर्षी रंग देतोच. पण खाली वेगळाच आकडा निघाला तर त्याचे कारण विचारावे.

त्यानंतर इंजिन. इंजिनावर कारखान्याची पट्टी असते. तिच्यावर बनावटीचे नाव, इंजिनाचा क्रमांक आणि अश्वशक्ती असते. पुष्कळ इंजिनांवर क्रमांक धातूतच ठोकलेला असतो. पट्टीचे खिळे उपटून पुन्हा मारल्यासारखे दिसतात का, ठोकलेला आकडा कानशीने घासलेला आहे का, हे पाहा. इंजिन मध्यंतरी बदललेले असू शकते, त्यात गैर काही नाही. मात्र नव्या इंजिनाचे बिल हवे आणि बदलाची नोंद कार्यालयात झालेली हवी. मोबाइल आता घरोघरी आहे. नंबराचे, पट्टीचे आणि सबंध नौकेचे फोटो काढून ठेवा. विकणारा फोटो काढू देत नसेल तर तीही एक साक्षच समजा.

आता दुसरा साक्षीदार, म्हणजे कागद. नौकेबरोबर कागद बाळगण्याची चाल आजची नव्हे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज आपल्या समुद्रातल्या जहाजांना परवाने घ्यावयास लावीत. त्या परवान्यात जहाजाचे नाव, तांडेलाचे नाव, जहाजाचा आकार, त्यावरील हत्यारे असा तपशील असे. पुढे कान्होजी आंग्रे यांनीही कोकण किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजांनी आपले दस्तक घ्यावे असा हुकूम चालवला. समुद्रावर कोणाच्या दाराला पाटी नसते, म्हणून जहाजाची ओळख कागदावर उतरवून घ्यावी लागते, हे त्या काळच्या माणसांनीही ओळखले होते.

आपल्याकडे १९५८ च्या व्यापारी जहाज कायद्यात १९८३ साली मासेमारी नौकांच्या नोंदणीचा स्वतंत्र भाग घालण्यात आला. त्या जुन्या कायद्याच्या जागी २०२५ साली संसदेने नवा कायदा मंजूर केला आहे, म्हणून अर्जाचे नमुने आणि नियम यांची चौकशी दर वेळी ताजी करावी. महाराष्ट्रात समुद्रात मासेमारी करण्याचा परवाना मात्र वेगळ्या कायद्याखाली मिळतो. तो १९८१ चा महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायदा. येथेच पुष्कळांचा घोटाळा होतो. नोंदणी म्हणजे नौकेचा जन्मदाखला. ही नौका कोणती आणि कोणाची, हे तो सांगतो. परवाना म्हणजे त्या नौकेने मासे धरण्याची मुभा. एक हाती असला म्हणून दुसरा असतोच असे नाही. जुन्या मालकाचा परवाना नौकेबरोबर आपोआप पदरात पडतो, असेही समजू नये. पर्ससीन जाळ्याच्या नौकांबाबत तर अधिकच जपावे. राज्य सरकारने ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने त्या परवान्यांवर मर्यादा घातली. "परवान्यासकट देतो" असे कोणी म्हणाला तर त्याच्या शब्दावर न जाता कार्यालयात विचारून यावे.

नोंदणीचा क्रमांक वाचावयास शिकणे अवघड नाही. तो आय.एन.डी. या अक्षरांनी सुरू होतो, म्हणजे भारत. पुढे एम.एच., म्हणजे महाराष्ट्र. नंतरचा आकडा नोंदणी कोठे झाली ते दाखवतो. त्यापुढची दोन अक्षरे नौकेची जात सांगतात : एम.एम. म्हणजे यांत्रिकी नौका, एम.ओ. म्हणजे मोटर बसवलेली लहान होडी, आणि एन.एम. म्हणजे वल्ह्याशिडावर चालणारी बिनयांत्रिक होडी. शेवटी त्या नौकेचा स्वतःचा अनुक्रमांक. आता पाहा, समोर मोठे इंजिन बसवलेली ट्रॉलर उभी आहे आणि तिच्यावर एम.ओ. लिहिले आहे. कोणाला काही न विचारताच तुम्हाला कळेल की येथे काहीतरी चुकते आहे.

पण कागद हातात आला म्हणजे काम झाले असे नव्हे. कागद खोटाही असतो. आणि त्याहून फसवा प्रकार म्हणजे कागद खरा, पण दुसऱ्याच नौकेचा. एखादी जुनी नौका फुटते, मोडीत निघते. तिचा दाखला मात्र पेटीत राहतो. कोणी तोच नंबर बिननोंदणीच्या नौकेवर रंगवतो. मेलेल्या माणसाच्या नावावर दुसऱ्याने शिधा उचलावा, तसलाच हा प्रकार. यावर उपाय एकच. दाखल्याची प्रत घेऊन जिल्ह्याच्या सहाय्यक मत्स्यव्यवसाय आयुक्तांच्या कार्यालयात जा. आता नोंदणी आणि परवान्याचे काम 'रिअलक्राफ्ट' या संगणकीय व्यवस्थेतून होते, तेव्हा नोंद शोधणे पूर्वीइतके जिकिरीचे राहिलेले नाही. मालक म्हणून कोणाचे नाव आहे, मापे आणि इंजिन क्रमांक काय आहेत, नोंद चालू आहे की रद्द, आणि नौकेवर कोणाचा बोजा आहे काय, हे विचारा. तुमच्या वहीतली मापे आणि त्यांची नोंद शेजारी ठेवून ताडा. नौका गुजरातची किंवा गोव्याची असेल, तर तिथल्या कार्यालयाचा ना-हरकत दाखला आणि नोंद इकडे आणण्याची रीत, दोन्ही आधी समजून घ्या.

नौका मासेमारीची नसून खाडीत किंवा नदीत उतारू किंवा माल नेणारी असेल, तर तिला दुसरे नियम लागतात. अंतर्देशीय जलवाहनांचा १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ चा नवा कायदा आला आहे, आणि महाराष्ट्रात अशा नौकांसाठी महाराष्ट्र सागरी मंडळाकडे चौकशी करावी लागते. त्या नौकेची नोंद पाहाच, शिवाय तपासणीचा दाखला चालू आहे ना आणि त्यात किती उतारूंची परवानगी आहे, हेही पाहा.

कागद पाहताना बोजा पाहिल्यावाचून उठू नये. आपल्या किनाऱ्यावरच्या कितीतरी नौका सहकारी संस्थांमार्फत, राष्ट्रीय सहकार विकास निगमाच्या किंवा बँकेच्या कर्जावर बांधलेल्या आहेत. कर्ज फिटेपर्यंत नौका गहाण असते. म्हणून विकणारा ज्या मच्छीमार सोसायटीचा सभासद असेल तिच्याकडून, आणि बँकेचे कर्ज असेल तर बँकेकडून, येणे बाकी नसल्याचा लेखी दाखला मागावा. विम्याची पॉलिसी मागून पाहिली तर आणखी एक फायदा होतो : नौका गहाण असली की पॉलिसीत सहसा बँकेचेही नाव असते. तोंडाने "सगळं फिटलंय" म्हणणारा माणूस पॉलिसी दाखवायला का कू करू लागला, तर काय ते समजावे.

आणखी एक बोजा असतो, तो कोणत्याच दाखल्यावर दिसत नाही. तो म्हणजे खलाशांचा थकलेला पगार. २०१७ च्या सागरी दाव्यांच्या कायद्याप्रमाणे खलाशांच्या वेतनाचा हक्क नौकेलाच चिकटतो आणि मालक बदलला तरी ठरावीक मुदतीपर्यंत सुटत नाही. न्यायाच्या दृष्टीने हे योग्यच आहे. ज्याच्या घामावर नौका चालली त्याचा पैसा बुडू नये. पण घेणाऱ्याने मात्र आधीच्या तांडेलाला आणि खलाशांना भेटून विचारावे, "बाबांनो, तुमचा हिशेब पुरा झाला का?" याला पैसा पडत नाही. शिवाय नौकेच्या खोडीही त्यांच्याइतक्या कोणाला ठाऊक नसतात.

यावरून आपण तिसऱ्या साक्षीदाराकडे, म्हणजे माणसाकडे आलो. विकणारा तोच का, ज्याचे नाव दाखल्यावर आहे? त्याचे ओळखपत्र पाहण्यात अपमान काही नाही. दाखल्यावर वडिलांचे नाव असेल आणि वडील वारले असतील, तर वारस किती, हे विचारा. कोकणात नौका पुष्कळदा भावाभावांत, चुलत्या-पुतण्यांत सामाईक असते. समुद्रावर एक जातो, दुसरा मुंबईत नोकरीला असतो, आणि बहीण सासरी. म्हणून त्यांचे हक्क बुडत नाहीत. आधी नोंद वारसांच्या नावे व्हावी आणि मग सर्वांनी सह्या कराव्यात, हा सरळ मार्ग. बहिणीची सही "लागत नाही" असे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांचे ऐकू नये. कोणी मुखत्यारपत्र दाखवले, तर ते लिहून देणाऱ्याला फोन करून किंवा भेटून, पत्र खरे आणि अजून चालू आहे ना, याची खात्री करावी. लिहून देणारा मृत झाला असेल, तर साधे मुखत्यारपत्र त्याच्याबरोबरच संपते.

तिन्ही साक्षी जुळल्या म्हणजे मग सौदा. विसार थोडा द्यावा. करार लिहून घ्यावा आणि त्यात नौकेचा नंबर, मापे, इंजिन क्रमांक, किंमत, जाळी आणि इतर सामान सोबत आहे की नाही, हे सारे यावे. आजपर्यंतची देणी विकणाऱ्याची, असे स्पष्ट लिहावे. मोठी रक्कम बँकेतून द्यावी, म्हणजे तिचा माग राहतो. आणि शेवटचा मोठा हप्ता नोंद आपल्या नावावर झाल्याशिवाय देऊ नये.

नाव बदलेपर्यंत नौका समुद्रात घालण्याची घाईही करू नका. का, ते सांगतो. २००८ च्या नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला करणारे अतिरेकी 'कुबेर' नावाची पोरबंदरची मासेमारी नौका बळकावून तिच्यातून मुंबईजवळ आले होते. तेव्हापासून समुद्रात कोणती नौका कोणाची, ही गोष्ट एका घरापुरती राहिली नाही. ती साऱ्या किनाऱ्याच्या सुरक्षिततेची झाली. तटरक्षक दलाने किंवा सागरी पोलिसांनी अडवले आणि दाखल्यावर एकाचे नाव, नौकेवर दुसराच माणूस, असे दिसले तर खुलासा तुम्हालाच करावा लागतो. २०२४ पासून मासेमारी नौकांवर उपग्रहाशी जोडलेले ट्रान्सपॉन्डर बसवण्याचे काम देशभर हाती घेतले आहे. संकटात हाक मारण्याचे ते साधन आहे. नौकेवर ते असेल तर त्यातली मालकाची माहितीही बदलून घ्या. नाहीतर तुमची नौका वादळात सापडेल आणि विचारपूस जुन्या मालकाच्या घरी होईल. विम्याचेही तसेच. अपघात झाला, एखादा खलाशी दगावला, आणि पॉलिसी दुसऱ्याच्या नावावर असली, तर त्या खलाशाच्या मुलाबाळांनी हात कोणापुढे पसरायचा? आपल्या पैशाची काळजी एक वेळ बाजूला ठेवू; पण आपल्या भरवशावर नौकेत पाय ठेवणाऱ्यांची काळजी तरी मालकाने वाहिलीच पाहिजे.

शेवटी दोन शब्द गुरुजींना आणि बाईंना. किनाऱ्यावरच्या गावात कागद वाचून घ्यावयास माणसे अजूनही शाळेचीच पायरी चढतात. कोणी नौकेचा दाखला घेऊन आला तर नाव, नंबर, मापे, इंजिन आणि बोजा हे पाच रकाने त्याला बोट ठेवून वाचून दाखवा. आणि जून-जुलैत एखाद्या दिवशी मुलांना किनाऱ्यावर न्या. ओढलेल्या नौकांचे नंबर वाचायला लावा, कोणती यांत्रिकी आणि कोणती बिनयांत्रिक ते ओळखायला सांगा, लांबी-रुंदी मोजून घ्या. गणिताचा तास होईल आणि त्याबरोबर व्यवहाराचा एक धडाही होईल. संध्याकाळी तेच मूल घरी जाऊन वडिलांना विचारील, "बाबा, आपल्या होडीच्या कागदावर नाव कोणाचं आहे?"

पुष्कळ घरांत या प्रश्नाचे उत्तर अजून आजोबांच्याच नावावर थांबलेले असेल. तसे असेल तर नवी नौका घेण्याआधी घरच्या नौकेचीच नोंद दुरुस्त करून घ्यावी.